दिवाळखोरीतून वाचलेलं दप्तर : फिलाडेल्फियाच्या बायकांच्या रुग्णालयाचं आणि कॉलेजचं प्रकरण

21 जुलै 1998 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ‘अलेघेनी हेल्थ, एज्युकेशन अँड रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेनं दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. देणं होतं सुमारे 1.3 अब्ज डॉलर. ना-नफा आरोग्यसेवेतली त्या देशातली तोवरची ही सगळ्यात मोठी दिवाळखोरी. रुग्णालयं विकत घेत घेत फुगलेली संस्था होती ती. तिच्या पोटात गेलेल्या संस्थांपैकी एक म्हणजे 1850 साली फक्त मुलींसाठी सुरू झालेलं वैद्यक महाविद्यालय. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये डॉक्टर झाल्या, ते हेच.

दिवाळखोरीत धनको मोजदाद करतात ती खाटांची, यंत्रांची, जमिनीची आणि येणे असलेल्या बिलांची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे विद्यार्थिनींचे अर्ज, सभांची इतिवृत्तं, हाताने लिहिलेले प्रबंध आणि फोटोंचे अल्बम यांना त्या यादीत भाव नसतो. असे कागद एरवी कुठे जातात ते जुन्या संस्थांत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे ते गेले नाहीत. का गेले नाहीत, हा या प्रकरणाचा विषय.

आधी संस्था समजून घेऊ

स्थापनेच्या वेळी नाव होतं फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. 1867 मध्ये ते वुमन्स मेडिकल कॉलेज झालं. मागे उभे होते मुख्यतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक. शहरातल्या पुरुष डॉक्टरांना हे अजिबात रुचलं नव्हतं. 1858 मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यक मंडळाने ठरावच केला, की आपल्या सभासदांनी या बायकांना शिकवायचं नाही आणि त्यांच्याशी सल्लामसलतही करायची नाही. म्हणजे कॉलेज आहे, वर्ग आहेत, पण रोगी बघायला मिळत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून अ‍ॅन प्रेस्टन यांनी पैसे उभे केले आणि 1861 मध्ये वुमन्स हॉस्पिटल ऑफ फिलाडेल्फिया सुरू झालं. याच प्रेस्टनबाई 1866 मध्ये कॉलेजच्या पहिल्या स्त्री डीन झाल्या. 1869 च्या नोव्हेंबरात विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या वर्गाला गेल्या, तेव्हा तिथल्या मुलांनी शिट्ट्या, आरडाओरडा आणि कागदाचे गोळे यांनी त्यांचं स्वागत केलं. स्वतःचं रुग्णालय का लागलं, ते एवढ्यावरून कळावं.

मध्यंतरीचा इतिहास इथे भराभर उरकतो. कॉलेज आणि वुमन्स हॉस्पिटल यांचे मार्ग पुढे वेगळे झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉलेजने स्वतःचं दुसरं रुग्णालय उभारलं. 1930 मध्ये बिऱ्हाड शहराच्या ईस्ट फॉल्स भागात हललं. 1970 मध्ये मुलांनाही प्रवेश असलेल्या या संस्थेच्या नावातून ‘वुमन्स’ गळालं आणि मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया एवढंच उरलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अलेघेनीने ते ताब्यात घेतलं आणि 1993 मध्ये हानेमान या दुसऱ्या जुन्या वैद्यकीय संस्थेत मिसळून टाकलं. हानेमानची सुरुवात 1848 मध्ये होमिओपॅथीचं कॉलेज म्हणून झालेली. दोन जुनी घराणी, दोन दप्तरं, आणि वर बसलेला नवा मालक.

कपाटात काय होतं

सगळ्यात आधी प्रवेशाची पत्रं. आनंदीबाईंचं 28 जून 1883 चं पत्र यातलंच. अमेरिकेत पाऊल ठेवून महिनाही झाला नव्हता. कॉलेजच्या अल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेल्या त्या पत्रात त्या सांगतात, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून मी आले आहे. हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या भाषणांत इतकं वापरलं जातं, की तो एक प्रवेशअर्ज होता याचा विसर पडतो. अर्ज म्हणून तो दप्तरात लागला आणि म्हणून राहिला. एलायझा ग्रिअर यांचं 1890 चं पत्रही तसंच. गुलामगिरीत जन्मलेली ही मुलगी कॉलेजला विचारते, की माझ्याकडे पैसे नाहीत, एकेक डॉलर कमवूनच मिळवावा लागतो, माझ्यासारखीची काही सोय आहे का? ती एक वर्ष काम करायची, एक वर्ष शिकायची, आणि 1897 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली.

दुसरा गठ्ठा प्रबंधांचा. पदवीसाठी प्रत्येकीला एक प्रबंध लिहून द्यावा लागे. आनंदीबाईंनी 1886 मध्ये आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर लिहिला. त्या काळातल्या मुली रोगाबद्दल काय समजत होत्या, कोणते ग्रंथ वाचत होत्या, कुठे गुरूच्या मताला बगल देत होत्या, हे या वह्यांतून जितकं कळतं तितकं छापील अभ्यासक्रमातून कळत नाही.

तिसरा गठ्ठा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो जपायचा म्हणून कुणी जमवलेला नव्हता. माजी विद्यार्थिनींच्या फायली. देणगी मागायला, पत्ता ताजा ठेवायला, मेळाव्याची निमंत्रणं धाडायला कचेरीत प्रत्येकीच्या नावाची एक फाइल असे. तिच्यात लग्नाची बातमी, बदललेला पत्ता, परदेशातून आलेलं पोस्टकार्ड, शेवटी मृत्यूची वार्ता. सुझन ला फ्लेश पिकोट ही ओमाहा या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीची मुलगी 1889 मध्ये इथून डॉक्टर झाली. गुरुबाई करमरकर 1892 मध्ये झाल्या आणि मुंबईला परत येऊन अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. आनंदीबाईंची मिरवणूक काढणाऱ्या आपण गुरुबाईंना जवळपास विसरलो आहोत. अशा बायकांचा माग लागतो तो बहुतेक वेळा असल्या कारकुनी फायलींतून.

शिवाय इतिवृत्तं, वार्षिक अहवाल, देणगीदारांच्या याद्या आणि फोटो. यातला एक फोटो आता जगभर फिरला आहे. 10 ऑक्टोबर 1885 ला डीन रेचेल बॉडली यांच्या स्वागतसमारंभात तिघी परदेशी विद्यार्थिनी आपापल्या पोशाखात उभ्या राहिल्या : साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. आनंदीबाई पुढच्याच वर्षी पदवीधर झाल्या, ओकामी 1889 मध्ये आणि इस्लामबुली 1890 मध्ये. फोटोबरोबर नावं आणि तारीख टिकली नसती तर हा ‘वेशभूषेतल्या तीन अनोळखी बायका’ एवढाच ऐवज उरला असता. घरोघरच्या अल्बमात असे फोटो पडलेले असतात, आजी गेली की नावंही जातात.

वाचण्यामागचं खरं कारण

या कथेत कुणी एकाने रात्रीतून खोकी पळवून नेली, असं काही नाही. कारण जास्त रुक्ष आहे आणि म्हणूनच उपयोगाचं आहे.

1970 मध्ये नावातून ‘वुमन्स’ गेलं, तेव्हा संस्थेची जुनी ओळखही हळूहळू जाणार हे दिसत होतं. त्याच दशकाच्या उत्तरार्धात कॉलेजने वैद्यक क्षेत्रातल्या स्त्रियांचा अभिलेखसंग्रह म्हणून एक स्वतंत्र विभाग काढला. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जुनी कपाटं ठेवणं वेगळं आणि विभाग काढणं वेगळं. विभागाला नाव असतं, पगारी अभिलेखपाल असतो, अंदाजपत्रकात एक ओळ असते. त्यांनी वयस्क डॉक्टर स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली, कृष्णवर्णीय डॉक्टर स्त्रियांची माहिती मुद्दाम शोधून जमवली. आणि बाहेरच्या संस्थांची दप्तरंही घेतली. यातलं एक ठळक दप्तर ‘अमेरिकन वुमेन्स हॉस्पिटल्स’ या संघटनेचं. पहिल्या महायुद्धात सैन्याने स्त्री डॉक्टरांना अधिकारपद नाकारल्यावर 1917 मध्ये त्यांनी स्वतःच पैसे जमवून फ्रान्समध्ये दवाखाने थाटले. पुढे एस्थर पोल लव्हजॉय यांच्या नेतृत्वाखाली ग्रीस आणि आसपासच्या निर्वासितांपर्यंत हे काम गेलं.

बाहेरची दप्तरं घेतल्याचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. संग्रह निव्वळ ‘आमच्या संस्थेच्या आठवणी’ राहत नाही. त्याच्यावर इतिहासकार, इतर विद्यापीठं, देणगीदार यांची नजर राहते, आणि तो बंद करायचा म्हटलं तर विचारणारं कुणीतरी असतं.

दिवाळखोरीनंतर मालमत्तेची वाटणी झाली ती अशी. फिलाडेल्फियातली आठ रुग्णालयं टेनेट या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने 34.5 कोटी डॉलरला घेतली. वैद्यक महाविद्यालय मात्र ना-नफाच राहिलं, ते चालवायची जबाबदारी ड्रेक्सेल विद्यापीठाने घेतली आणि 2002 मध्ये ते त्या विद्यापीठाचा भाग झालं. अभिलेख विभाग महाविद्यालयाचा होता, म्हणून तो महाविद्यालयाबरोबर गेला. ईस्ट फॉल्सचं ते रुग्णालय टेनेटने 2004 मध्ये बंदच केलं.

सगळं प्रकरण या एका रेषेवर उभं आहे. तेच कागद रुग्णालयाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये, रुग्णालयाची मालमत्ता म्हणून पडलेले असते, तर त्यांचा प्रवास रुग्णालयाबरोबर झाला असता. कागद तेच, इमारती शेजारच्याच, पण कुणाच्या नावावर आहेत यावरून नशीब वेगळं. 2019 मध्ये याचीच दुसरी आवृत्ती निघाली. टेनेटने पुढे विकलेलं हानेमान रुग्णालय नव्या मालकाच्या हाती दिवाळखोरीत जाऊन बंद पडलं. होमिओपॅथी कॉलेजचे 1848 पासूनचे कागद विद्यापीठाच्या संग्रहात होते, म्हणून त्या पडझडीपासून ते लांब राहिले.

आपल्याकडे जतन म्हटलं की चर्चा लगेच स्कॅनरवर जाते. किती पानांचा, कोणत्या कंपनीचा, किती डीपीआय. मला विचाराल तर स्कॅनर हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न मालकी कुणाची, दुसरा पगार कुणाचा.

एक फाइल जवळून

कामाचा पोत कळावा म्हणून माजी विद्यार्थिनीची एक नेहमीची फाइल डोळ्यांसमोर आणू. आत एक शाईचं पत्र, दोन वर्तमानपत्री कात्रणं, एक फोटो आणि हे सगळं एकत्र धरणारी लोखंडी टाचणी. टाचणी गंजलेली, तिच्याभोवती पत्राला तपकिरी भोक पडायच्या बेतात. कात्रण लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावरचं, आम्लाने पिवळं पडलेलं, आणि ते ज्या पत्राला टेकून वर्षानुवर्षं राहिलं त्याच्यावर स्वतःच्या आकाराचा डाग उमटवून बसलेलं. पत्राचा कागद मात्र चिंध्यांचा, म्हणून अजून मऊ. पण त्यावरची शाई लोहक्षाराची, ती जिथे दाट उतरली तिथे कागद खात चाललेली. कुणा भल्या कारकुनाने कधीतरी फाटक्या कडेला चिकटपट्टी लावलेली. तिचा डिंक आता कागदात मुरलाय.

अभिलेखपाल इथे फार काही नाट्यमय करत नाही. टाचणी काढतो. कात्रणाची चांगल्या कागदावर प्रत करतो आणि मूळ कात्रण वेगळं ठेवतो. फोटो स्वतंत्र पाकिटात. सगळं आम्लरहित फोल्डरमध्ये, फोल्डर खोक्यात, खोकं थंड, कोरड्या आणि तापमान हेलकावे न खाणाऱ्या खोलीत. चिकटपट्टीला तो हात लावत नाही, ते तज्ज्ञाचं काम. आणि एक गोष्ट तो कटाक्षाने पाळतो : फाइलीतला क्रम मोडत नाही. पेशवे दप्तरात बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, की कागद कोणत्या रुमालातून (दप्तराच्या कापडी गाठोड्यातून) निघाला हीसुद्धा माहितीच असते. ‘महत्त्वाची’ पत्रं उचलून वेगळा सुंदर अल्बम करायची हौस कितीतरी संस्थांना होते आणि मग ते पत्र कुणाच्या उत्तरादाखल आलं होतं हे कायमचं हरवतं.

मग सूची. इथे एक खास अडचण आहे. अमेरिकन नोंदींत आनंदीबाईंचं नाव ‘आनंदाबाई’ असंही येतं आणि जोशी हे आडनाव शेवटी दोन ‘ई’ लावून लिहिलेलं असतं. इस्लामबुलीबाईंच्या नावाचीही तीन-चार रूपं सापडतात. सूची करणाऱ्याने ही सगळी रूपं एका नावाखाली जोडली नाहीत, तर कागद सुखरूप असूनही शोधणाऱ्याला मिळत नाही.

स्कॅनिंग याच्यानंतर आलं. 1850 ते 1970 च्या काळातल्या स्त्री डॉक्टरांची बरीच कागदपत्रं या विभागाने नेटवर खुली केली, तीही सूचीला जोडून. पुढे शाळेच्या मुलांसाठी निवडक कागदांचे संच तयार केले : मुलांनी मूळ पत्र वाचायचं आणि प्रश्नांची उत्तरं स्वतः शोधायची.

रोगी बाईचं नाव

बायकांच्या रुग्णालयाचं दप्तर हे इतर दप्तरांसारखं नसतं. त्यात बाळंतपणं असतात, गर्भपात असतात, गुप्तरोग असतात, कुमारी माता असतात, टाकून दिलेली मुलं असतात. नातवंडं-पतवंडं हयात असतात. अमेरिकेत 1996 च्या आरोग्यमाहिती कायद्याखालचे गोपनीयतेचे नियम 2003 पासून लागू झाले आणि सुरुवातीला मृत रोग्याच्या माहितीलाही कालमर्यादा नव्हती. म्हणजे 1870 च्या नोंदवहीतलं नावही तत्त्वतः कुलुपात. इतिहासकारांनी कुरकुर केली. 2013 च्या दुरुस्तीने मृत्यूनंतर 50 वर्षांपर्यंत संरक्षण, पुढे नाही, अशी रेघ ओढली गेली.

फिलाडेल्फियाच्या संग्रहाची एक मर्यादाही इथे नोंदवायला हवी. तो प्रामुख्याने डॉक्टर बायकांचा संग्रह आहे. रोगी बाई त्यात आकड्यांतून, अहवालातल्या तक्त्यांतून, नाहीतर विद्यार्थिनीच्या वहीतली ‘केस’ म्हणून भेटते. अ‍ॅना ब्रूमॉल यांनी 1888 मध्ये दक्षिण फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत घरोघर बाळंतपणाची सेवा सुरू केली, बाळंतपणाआधीची तपासणी रुजवली. ती सेवा घेणाऱ्या स्थलांतरित बायकांना या पोरसवदा डॉक्टरणींबद्दल काय वाटलं, हे कोणत्याच खोक्यात नाही. (ब्रूमॉलबाई स्वतः निवृत्तीनंतर डेलावेअर परगण्याच्या इतिहास मंडळात जुने कागद जमवत बसल्या, हा आणखी एक योगायोग.)

आपल्या दारात

आनंदीबाई पदवीधर झाल्या त्याच 1886 मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायकांसाठी, बायकांनी चालवलेलं. एडिथ पीची तिथल्या प्रमुख होत्या, लंडनहून शिकून आल्यावर रखमाबाईंनीही तिथे काम केलं. आनंदीबाईंना नेमणूक मिळाली होती ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागात. ती जागा त्यांना प्रत्यक्ष सांभाळता आली नाही, 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांचं निधन झालं. त्या पिढीत आणि नंतर राज्यात मिशनची, संस्थानिकांची, पारशी आणि गुजराती दानशूरांची कितीतरी सूतिकागृहं निघाली. यातली बरीच आता विश्वस्तांच्या हातून मोठ्या रुग्णालयसाखळ्यांकडे चालली आहेत, किंवा इमारत पाडून नवी बांधली जाते आहे. म्हणजे 1998 चा तोच प्रसंग, लहान प्रमाणात, गावोगाव.

कायदा इथे काय म्हणतो? भरती रोग्याचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवा, असा वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांचा दंडक आहे. तीन वर्षं ही किमान मुदत. व्यवहारात ती कमाल होऊन बसते : मुदत संपली, जागा हवी, रद्दीवाल्याला फोन. उलट गर्भपाताच्या भरती-नोंदवहीला 2003 च्या नियमांप्रमाणे शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी नष्टच करावं लागतं, आणि ते योग्यच आहे. तेव्हा ‘सगळं जपा’ हा हट्टही चालत नाही. जन्माची नोंदवही, विश्वस्तांची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल, परिचारिका शाळेची हजेरी, इमारतीचे नकाशे, देणगीची पत्रं हे एका बाजूला काढायचं. केसपेपरचं काय करायचं ते वकील आणि डॉक्टर यांना शेजारी बसवून ठरवायचं, आणि ठरवलेलं लिहून ठेवायचं.

हे सगळं करायची वेळ हस्तांतराच्या आधीची असते. करारावर सह्या झाल्या की नव्या व्यवस्थापनाचा माणूस रेकॉर्ड रूम बघायला येतो तो चौरस फूट मोजायला. म्हणून विश्वस्तांनी कराराच्या परिशिष्टात जमीन, यंत्रं आणि रुग्णवाहिका यांच्या यादीखाली आणखी एक कलम घालून घ्यावं : अमुक सालापर्यंतची नोंदपुस्तकं, इतिवृत्तं, फोटो आणि पत्रव्यवहार या विक्रीत धरलेले नाहीत, ते अमुक विद्यापीठाला किंवा पुराभिलेखागाराला दिले आहेत, सोबत त्यांची यादी जोडली आहे. आणि ती यादी करायला रुग्णालयात तीस वर्षं काढलेल्या एखाद्या निवृत्त सिस्टरना बसवावं, कारण कोणत्या कपाटाची किल्ली कुठे आहे आणि मोडकं कुलूप असलेल्या फडताळात काय कोंबलंय हे त्यांनाच ठाऊक असतं.